चोविसावा गॉगल

थेंब येताना दिसला, हेच मुळात तिथल्या रीतीला सोडून होतं. मंगळवारी अकराच्या सुमाराला तो केटलच्या उघड्या तोंडातून सुटला, सरळ वर आला आणि गणराजच्या उजव्या डोळ्यासमोर, काचेवर, टप्प करून बसला. एरवी गणराजला तो दिसला नसता, कारण एरवी त्या क्षणी गणराज समुद्र बघत असतो. केटल म्हणजे दोन माणसं उभी मावतील एवढी गरम पाण्याची टाकी. तिच्यात कॉस्टिक सोड्याच्या पांढऱ्या पापड्या फावड्यानं टाकायच्या, पाणी फणकारतं, उसळतं, थुंकतं. म्हणून फावडं रिकामं होताहोता मान पश्चिमेला झटकायची. पश्चिमेला खिडकी, खिडकीत खाडी आणि खाडीच्या तोंडाशी समुद्राची एक करडी पट्टी. ‘टाक, समुद्र बघ’ हे त्या खात्यातलं पहिलं आणि शेवटचं शिक्षण. गणराजनं सहा वर्षं दिवसाला चाळीस वेळा समुद्र बघितला होता. काशीदला गाड्या भरभरून येणारी मुंबईची माणसंही तो एवढा बघत नसतील. पण त्या मंगळवारी सुरक्षेचं ऑडिट होतं. पुण्याहून दोन पाहुणे आले होते, आणि प्लांट मॅनेजर परेश सरांनी या खेपेला सकाळीच बजावलं होतं, “मान फिरवायची नाही हां कुणी. फार कॅज्युअल दिसतं.” म्हणून सहा वर्षांत पहिल्यांदाच, डोळ्यांवर कोरा करकरीत गॉगल चढवून, गणराजनं सरळ केटलमध्ये बघितलं. आत जे काही चाललं होतं ते एखाद्या रागीट म्हातारीच्या तोंडासारखं होतं. आणि मग तो थेंब.

पाहुण्यांनी हातातल्या कागदावर बरोबरची खूण केली. “गुड,” त्यातला जाडा म्हणाला. गणराजला वाटलं, हा थेंबालाच शाबासकी देतोय. त्यानं काच पुसली नाही. पुसायची हिंमतच झाली नाही. थेंब खाली ओघळला आणि जिथं बसला होता तिथं तिळाएवढा दुधी डाग राहिला. पुढच्या सगळ्या गोण्या त्यानं त्या डागातून बघत टाकल्या. काल, म्हणजे सोमवारी, हाच थेंब आला असेल का, आणि आपण समुद्राकडे बघताना कानामागून गेला असेल का? किंवा परवा? किती थेंब गेले असतील सहा वर्षांत कानामागून, केसांतून, शर्टाच्या कॉलरवर? कॉलरी त्याच्या सगळ्या शर्टांच्या विरलेल्या होत्या. प्रणाली म्हणायची, हा साबणच खोटा. सहा वर्षं बायको साबण बदलत होती.

गॉगल चोवीस होते. स्टोअरमधल्या लोखंडी कपाटात, प्रत्येक आपापल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, मऊ कापडात गुंडाळलेला. ऑडिटच्या सकाळी ते निघायचे आणि ऑडिटच्या संध्याकाळी परत झोपायचे. बाकी वर्षभर कपाट बंद, चावी स्टोअरकीपर चांगदेवभाऊंच्या कमरेला. कुणी गॉगल मागितला तर चांगदेवभाऊ अगदी मनापासून दुखावले जायचे. “अरे, ओरखडे पडले तर ऑडिटला काय दाखवू?” या प्रश्नाला सहा वर्षांत कुणाला उत्तर सुचलं नव्हतं. दसऱ्याला मात्र कपाट उघडायचं. मशिनं, पाने, हातोडे यांच्याबरोबर गॉगलही मांडले जायचे, त्यांना हळदकुंकू, झेंडूचं एकेक फूल, चांगदेवभाऊ हात जोडून उभे. सगळ्या शस्त्रांत हे एकच शस्त्र असं होतं की त्याची पूजा व्हायची आणि लढाई व्हायची नाही. गणराजच्या गॉगलच्या पट्ट्यावर गेल्या दसऱ्याचं कुंकू अजून होतं, घामानं ते ओलं होऊन कानशिलावर उतरलं होतं, आणि पहिल्या क्षणी जोडीदार रावजीकाका घाबरून ओरडले होते, “आरं, रगत!” मग बोट लावून वास घेतला. “कुकू हाय,” म्हणाले, आणि पुन्हा फावडं उचललं.

रावजीकाकांचा डावा डोळा शहाळ्यातल्या मलईसारखा होता. पाच वर्षांपूर्वी, गणराजला लागून वर्ष होत होतं तेव्हा, काकांना समुद्र बघायला उशीर झाला. उशीर हा शब्द गणराजचा नव्हे, चौकशीच्या अहवालातला. ‘कामगाराने वेळेत मान वळवली नाही’ असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. एवढ्या अनुभवी माणसाची मान एवढी मंद कशी, याबद्दल अहवालात थोडं आश्चर्यही होतं. नंतर कंपनीनं काकांना नव्या पोरांना मान वळवायला शिकवण्याचं जादा काम दिलं, कारण उशीर झाल्यावर काय होतं ते दाखवायला त्यांच्याकडे डोळा होता. हे सगळं गणराज कुणालाही हसत सांगू शकायचा, सांगितलंही होतं, लग्नात, एसटीत, सलूनमध्ये. जे तो सांगायचा नाही ते असं, की त्या दिवशी काका डोळा धरून खाली बसले तेव्हा केटलपाशी दुसरा माणूस फक्त गणराज होता. चार पावलांवर नळ होता, पाणी धो धो होतं. आणि गणराज, बी. एस्सी.चं पहिलं वर्ष करून सोडलेला, खात्यातला एकमेव शिकलेला मुलगा, नळाकडे गेला नाही. त्याच्या डोक्यात नववीचं विज्ञान लख्ख पेटलं होतं. अल्क, आम्ल, उदासिनीकरण. तो कँटीनकडे धावला होता. “लिंबू!” तो ओरडत होता. “लिंबू द्या, लिंबू!” कँटीनवाल्या केसरबाईंना वाटलं कुणाला ऊन लागलं. त्यांनी लिंबू दिलं आणि वर “साखर किती?” असं विचारलं. जाऊनयेऊन तीन मिनिटं. मग त्यानं ते लिंबू पिळलं. स्वतःच्या हातानं, काकांची पापणी दोन बोटांनी वर करून. काका किंचाळले ते तेव्हा. नळाखाली डोकं धरलं ते त्याच्याही नंतर, दुसरी माणसं आल्यावर. पंधरा मिनिटं नुसतं पाणी मारलं असतं, आधी, लगेच, तर कदाचित. डॉक्टर ‘कदाचित’ म्हणाले होते. तो शब्द गणराजच्या पोटात तेव्हापासून बिऱ्हाड करून होता. घरात लिंबू चिरलं की तो अंगणात जायचा. बायको म्हणायची, माणसाला पित्ताचा त्रास असतो, यांना पित्ताच्या औषधाचा.

तीन वाजता पाळी सुटली. स्टोअरच्या खिडकीपुढे रांग लागली; माणसं गॉगल काढून चांगदेवभाऊंच्या हातात ठेवत होती, भाऊ फुंकर मारून, कापडानं पुसून, पिशवीत घालत होते, बाळाला झबलं घालावं तसे. गणराजची पाळी आली.

“काढ.”

“नाही.”

चांगदेवभाऊंनी मान वर केली. ते नोकरीला लागल्यापासून त्या खिडकीत हा शब्द आला नसावा. तो कपाटात कुठल्या कप्प्यात ठेवायचा ते त्यांना कळेना. “अडकलाय का?” त्यांनी काळजीनं विचारलं.

“अडकलेला नाही. देत नाही.”

“ऑडिट संपलं रे बाळा.”

“कॉस्टिक संपलं नाही.”

हे आपण बोललो याचं गणराजलाच नवल वाटलं. एरवी त्याला असली वाक्यं दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना सुचायची. मागची माणसं हसली, एकानं शिट्टी मारली. भाऊंनी त्याच्या काचेत वाकून बघितलं, आणि त्यांचा चेहरा खरोखर पांढरा पडला. “अरे देवा,” ते म्हणाले. “डाग!” त्यांचा हात काचेकडे आला, आणि गणराज एक पाऊल मागे सरला. हा माणूस वाईट नाही, हेच अवघड होतं. डाग काचेवर पडला याचं त्याला डोळ्यांत पाणी येण्याइतकं दुःख होतं. काचेमागे काय आहे ते त्याच्या यादीत नव्हतं, एवढंच. “तुझी कायम होण्याची ऑर्डर पुढल्या महिन्यात आहे ना?” भाऊ हळूच म्हणाले. “कशाला घाण करतोस? साहेब चोरी म्हणतील.” ऑर्डर. सहा वर्षं ज्या कागदासाठी गणराज समुद्र बघत होता तो कागद. दिला गॉगल, तर उद्या पुन्हा मान पश्चिमेला आणि महिन्यानं कागद. नाही दिला, तर. तो वळला आणि बसकडे चालायला लागला. गेटवरच्या येसाजीनं हटकलं नाही. त्या दिवशी सगळेच गॉगल घालून फिरत होते. त्याला वाटलं, ऑडिट गावापर्यंत पोचलंय.

कंपनीची बस खाडीच्या पुलावर आली. खाली होड्या, पलीकडे रेवदंड्याच्या माडांची रांग, सगळं गॉगलच्या बाजूच्या भोकांतून येणाऱ्या वाऱ्यात किंचित हलणारं. घाम आतून साचून काचा धुरकटल्या होत्या. बसमधली माणसं विचारत होती, मोतीबिंदू का, वेल्डिंगला चाललास का, पोहायला का. रावजीकाका शेजारी बसले. ते नेहमी गणराजला डावीकडे घालून बसायचे. हा मलईचा डोळा आपल्या बाजूला का ठेवतात, हे गणराजनं पाच वर्षांत विचारलं नव्हतं. त्याला वाटायचं, तो डोळा आपल्याकडे बघतो.

“न्हाय दिलास?” काका म्हणाले.

“नाही.”

“का?”

गणराज खिडकीकडे वळला. बाहेर चौलच्या वाड्या सुरू झाल्या, सुपाऱ्यांची सरळ खोडं एकामागून एक मागे पळत होती. त्याला वाटलं, आता. आता नाही बोललो तर हा माणूस पुढच्या मार्चमध्ये रिटायर होईल आणि मग ते सांगायला त्याच्या घरी जावं लागेल, आणि काकू सरबत करतील.

“काका, त्या दिवशी मी आधी नळाकडे... मी लिंबू आणायला गेलो होतो.”

“म्हायती हाय.”

“पिळलं मी.”

“मंग? माजाच डोला व्हता न्हवं तो. मना कलणार न्हाय?” काकांनी तंबाखूची डबी काढली, झाकण ठोकलं. “साखर घालाया इसरलास येवडाच.” मग बराच वेळ त्यांनी तंबाखू मळली. “त्या टायमाला तुला काय ठावं? कुनी सांगितलं व्हतं का, पानी मार म्हनून? कंपनीनं मानच तेवडी शिकवली. मीबी तुला तीच शिकवली. मंग कुनाचं नाव घ्यायचं, तुजं का माजं?” ते थोडे पुढे झुकले आणि बोटानं गॉगलवर टकटक केली, दारावर करावी तशी. “आता ह्यो काढू नको. त्यांनी मागितला, शिव्या दिल्या, पाया पडलं, तरी काढू नको. काढलास त मीच कानफाटात दीन.”

गणराज हसला असता, पण काचा आतून ओल्या झाल्या होत्या आणि या वेळी घामानं नव्हत्या. गॉगलची ही एक सोय कुठल्या पुस्तकात लिहिलेली नव्हती. बाहेरून काही कळत नाही.

घरी त्यानं तो घालूनच चहा घेतला. प्रणालीनं दारातच विचारलं होतं, “हे काय नवीन?” आणि त्यानं सगळं सांगितलं, सगळं म्हणजे लिंबासकट. ती ऐकून घेत राहिली. रडली नाही, धीर दिला नाही. तिनं आत जाऊन त्याचा एक शर्ट आणला, कॉलर उजेडात धरली, तिच्या भोकांतून त्याच्याकडे बघितलं. “म्हणजे साबण चांगला होता,” ती म्हणाली. तिच्या आवाजात एक थंड संताप होता. तो साबणासाठी होता की काय, असं कुणालाही वाटलं असतं. मग तिनं चहाची किटली त्याच्या हातात दिली. “ओत.” त्यानं ओतला आणि मान झटक्यात पश्चिमेला, न्हाणीकडे, गेली, सहा वर्षं जायची तशी, आणि चहा बशीत, ताटात, चटईवर. गॉगल डोळ्यांवर असूनही. दोघं त्या चहाकडे बघत बसली. मान कंपनीची झाली होती. तिला परत घरची करायला किती दिवस लागतील, हे त्याला माहीत नव्हतं, पण गॉगल आता कपाटात परत जायचा नाही, एवढं त्याला त्या चटईवरच्या तपकिरी डबक्याकडे बघताना अगदी स्वच्छ कळलं.

बुधवारी सकाळी गेटवर येसाजीनं हात आडवा केला. त्याच्याकडे चांगदेवभाऊंची चिठ्ठी होती. “तू आत जा,” तो म्हणाला. “गॉगल न्हाय जायचा.”

“का?”

“कंपनीचा माल हाय. भायेर जायला पास लागतो. तुज्याकडं पास न्हाय, म्हंजे तो भायेर गेलाच न्हाय. आन जो भायेर गेलाच न्हाय तो आत कसा घेऊ?”

गणराजनं यावर प्रामाणिकपणे विचार केला. येसाजीच्या म्हणण्यात चूक सापडेना. “मग आम्ही दोघं इथंच थांबतो,” तो म्हणाला आणि गेटच्या खांबाला टेकून उभा राहिला. बस रिकामी झाली. माणसं आत जाताना त्याच्याकडे बघत गेली. काल हसली ती आज हसली नाहीत. रावजीकाका न थांबता आत गेले. त्या पाठीकडे बघताना गणराजला एकदम एकटं वाटलं, आणि भीती वाटली, खरी, जिभेवर पत्र्याची चव आणणारी. ऊन चढत होतं. एक म्हैस आली, त्याच्याकडे बघून गेली. त्यानं आठवायचा प्रयत्न केला की या सहा वर्षांत आपण कुणाला कधी नाही म्हणालो. शाळेत नाही, लग्नात नाही, गावकीत नाही. कालचा तो शब्द तोंडातून आला तो एवढी वर्षं कुठं राहत होता, काय खात होता?

आत काय झालं ते त्याला नंतर कळलं. रावजीकाका केटलपाशी गेले, फावडं आडवं ठेवलं आणि त्यावर बसले. कॉस्टिक एकट्या माणसानं टाकायचं नाही, दोघं पाहिजेत, असा कंपनीचाच लाल अक्षरांतला नियम भिंतीवर होता. “जोडीदार गेटवर हाय,” काका म्हणाले, आणि जे कुणी विचारायला आलं त्याला तेच म्हणाले. दुसरा जोडीदार द्यायला कुणाची हरकत नव्हती; पण जो तो आपल्या जागी पाठमोरा उभा राहून फार महत्त्वाचं काहीतरी पुसत होता. पाणी तापून तयार होतं. दहा वाजता परेश सर गेटवर आले. वय चौतीस, इस्त्रीचा शर्ट, डोळ्यांना नंबरचा चष्मा; माणूस आरडाओरडा करणारा नव्हता, खांद्यावर हात ठेवणारा होता. त्यानं तो ठेवला.

“गणराज, यार. इश्यू काय आहे? तू ते काढ, आत ये, आपण बसून बोलू.”

“बसून नको सर. उभ्यानं बोलू. केटलपाशी.”

“बॅच खराब होतेय. तुला कळतंय ना, तुझी ऑर्डर माझ्या टेबलावर आहे?”

“कळतंय.” आवाज कापला. कापू दे, त्याला वाटलं. “एक गोणी तुम्ही टाका सर. गॉगल न लावता. टाकलीत की मी हा काढून तुमच्या हातात देतो, वर चोरीचं लिहून देतो.”

येसाजीनं घाईघाईनं आभाळाकडे बघितलं. परेश सर हसले, आधी थोडं, मग जास्त; मग त्यांच्या लक्षात आलं की प्लांटच्या जाळीमागे वीसबावीस चेहरे आहेत आणि त्यातला एकही हसत नाही. माणूस अभिमानी होता. “त्यात काय आहे?” ते म्हणाले. “दोन मिनिटांचं काम.” त्यांनी स्वतः गणराजला आत घेतलं, गॉगलसकट, आणि येसाजीनं वहीत काय लिहावं ते न सुचून ‘ऑडिट’ असं लिहिलं.

सर केटलच्या मचाणावर चढले. काकांनी बुडाखालचं फावडं काढून दोन्ही हातांनी त्यांना दिलं, शाल द्यावी तसं. सरांनी गोणीतून फावडं भरलं. केटलच्या तोंडातून वाफ येत होती, त्यांच्या चष्म्यावर बसत होती. ते एक पाऊल पुढे गेले. थांबले. पुन्हा थोडे गेले. गणराज त्यांच्या बाजूलाच उभा होता, आणि जवळून त्याला दिसलं की सरांच्या गालाखाली एक लहानशी शीर उडतेय. त्या क्षणी त्याला त्यांची कीव आली, आणि ती येताच त्यानं ती गिळली. सरांनी फावडं पुढे केलं आणि डोळे मिटले. दोन्ही. गच्च, लहान मूल कडू औषध घेताना मिटतं तसे. पापड्या केटलच्या काठावर आदळल्या, अर्ध्या आत, अर्ध्या मचाणावर, सरांच्या बुटांवर. आतून पाणी फणकारलं. सर दोन पावलं मागे आले, डोळे तसेच मिटलेले, एक हात हवेत, कठडा शोधत. गणराजनं तो हात धरून कठड्यावर ठेवला.

“झालं सर. उघडा,” तो म्हणाला. “अजून अकरा गोण्या आहेत.”

सरांनी डोळे उघडले, चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. बुटांकडे बघितलं. मग खाली बघून, मोठ्यानं नाही, म्हणाले, “चांगदेव. कपाट उघडा.”

चांगदेवभाऊंनी कपाट उघडलं, पण नुसतंच काही काढून द्यायचं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी इश्यू रजिस्टर काढलं, पट्टीनं रेघा मारल्या आणि पहिलं नाव गणराजचं घातलं. नाव, खातं, सही. शेवटचा रकाना परतीच्या तारखेचा. पेन त्याच्याकडे सरकवून ते वाट बघत राहिले. गणराजनं थोडा हिशोब केला आणि लिहिलं: ३० जून २०५४.

“हे काय?”

“माझी रिटायरमेंट.”

भाऊंनी तारीख दोनदा वाचली. “त्या दिवशी मी नसेन रे,” ते म्हणाले, गंभीरपणे.

“जो असेल त्याच्याकडे देईन.”

भाऊंनी मागच्या फडताळातून सेवापुस्तकांचा गठ्ठा ओढला, धूळ झटकली आणि प्रत्येकाची जन्मतारीख बघून रिटायरमेंट काढायला सुरुवात केली. चुकीची तारीख रजिस्टरमध्ये जाणं त्यांना सहन झालं नसतं. रांग पुढे सरकू लागली. २०४१. २०३८. रावजीकाका आले. “पुढला मार्च,” ते म्हणाले. “डोला येकच हाय, पन गॉगल पुरा द्या. अर्धा नको.” भाऊंनी पुरा दिला. २०५०. २०४७. हाती आलेला गॉगल जो तो तिथंच, खिडकीपाशीच, डोक्यावरून ओढून घालत होता आणि पट्टा आवळत होता, आणि त्या आवळण्याचा एक बारीकसा चट्चट् आवाज रांगेतून पुढे पुढे जात होता.

तेवीस संपले. रांगेच्या शेवटी परेश सर उभे होते. कधी येऊन उभे राहिले होते कुणी बघितलं नव्हतं. त्यांनी हात पुढे केला. चांगदेवभाऊंनी कपाटात वाकून बघितलं, वरच्या कप्प्यात, खालच्या कप्प्यात, आणि सरळ झाले.

“स्टॉक संपला सर. मागणीपत्र भरावं लागेल. तीन प्रती.”

“आणि तोपर्यंत?” सरांनी विचारलं.

भाऊ गणराजकडे बघू लागले, मग गेट सोडून आलेला येसाजीसुद्धा, मग सगळे, तेवीस जोड्या काचा एका बाजूला वळलेल्या.

“तोपर्यंत मचाणावर यायचं नाही सर,” गणराज म्हणाला. “गॉगलशिवाय वर कुणीच यायचं नाही.” आणि केटलकडे जाऊन त्यानं मचाणाच्या शिडीवर पाय ठेवला.